कुमानोची वाट आणि युनोमिनेचा विसावा

सई ओसाकाला नोकरीला लागून तीन वर्षं झाली तरी माझं तिकडे जाणं काही होत नव्हतं. शेवटी एकदाचं ठरलं तेव्हा तिने फोनवर विचारलं, आई तुला काय काय बघायचंय, क्योतो, फुजी, बुलेट ट्रेन, आणि मी म्हटलं मला चालायचंय. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, चालायचं म्हणजे किती? मी म्हटलं, वारीसारखं.

याचं कारण सांगायला हवं. माझं माहेर लोणंदचं. नीरेत पादुकांना स्नान घातलं की माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला येते आणि त्या दिवशी घराघरात कुणी ना कुणी वारकरी असतातच. आमच्या अंगणात चुलीवर मोठं तपेलं चढायचं, त्यातलं कढत पाणी घंघाळात, त्यात मूठभर मीठ, आणि वारकरी पाय बुडवून बसायचे. पाणी ओतायचं काम माझं. सात-आठ वर्षांची असेन तेव्हापासूनचं. त्या पायांच्या भेगा, फोड, बोटांमधला चिखल हे सगळं मला अजून दिसतं. आई तीनदा पंढरपूरपर्यंत चालली. मी मात्र एकदाही नाही, आधी शाळा, मग बँकेतली नोकरी, मग सईची शाळा, रजा कधी मिळालीच नाही. आता ५६ व्या वर्षी नोकरी सुटली आणि गुडघे अजून धड आहेत म्हटल्यावर हे डोक्यात होतं.

तर सईने शोधून काढली ती ही कुमानो कोडो. ओसाकाच्या दक्षिणेला किइ नावाचं द्वीपकल्प आहे, सगळं डोंगर आणि जंगल, त्या डोंगरांत कुमानोची तीन मोठी देवस्थानं, होंगू, हायातामा आणि नाची. तिथे जायच्या ज्या जुन्या पायवाटा आहेत त्यांना मिळून कुमानो कोडो म्हणतात. हजारेक वर्षं लोक चालतायत. जुन्या काळी क्योतोहून सम्राट, त्यांचे सरदार, बायका सगळे यायचे, गो-शिराकावा नावाचे निवृत्त सम्राट तर तीसहून जास्त वेळा येऊन गेले, आणि पुढे साधी माणसं इतकी यायला लागली की जपानी भाषेत ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’ असा शब्दच पडला. हे सईने वाचून दाखवलं तेव्हा मला दिवेघाटात वर चढणारी ती रांगच दिसली. २००४ साली या वाटा जागतिक वारसा यादीत गेल्या.

आम्ही नाकाहेचि नावाची वाट घेतली, ताकिजिरी ते होंगू, साधारण ३८ किलोमीटर. वारीपुढे ३८ म्हणजे काहीच नाही असं वाटेल पण हे सगळं चढ-उताराचं आहे, सपाट रस्ता फार थोडा. मी तीन महिने रोज पर्वती आणि दर रविवारी सिंहगड करत होते, तेव्हा कुठे जमलं. ज्यांना जायचंय त्यांनी ही तयारी नक्की करा, विशेषतः उतरायची. चढताना दम लागतो पण उतरताना गुडघे बोलतात.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. ओसाकाहून कुरोशिओ नावाची ट्रेन दोन-सव्वादोन तासांत किइ-तानाबेला सोडते, तिथून बसने चाळीसेक मिनिटांत ताकिजिरी. नदीपलीकडे एक माहिती केंद्र आहे, तिथे शिक्के मारायची पुस्तिका फुकट मिळते. वाटेवर जागोजागी ‘ओजी’ नावाची छोटी देवळं आहेत, कुमानोच्या देवाची लेकरं म्हणतात त्यांना, ९९ ओजी म्हणायची पद्धत आहे. प्रत्येकापाशी पक्ष्यांच्या घरट्यासारखी लाकडी पेटी, आत शिक्का आणि शाई. मला आधी वाटलं हा लहान मुलांचा खेळ आहे, पण दोन शिक्के झाल्यावर मीच पुढे पळत जायला लागले.

ताकिजिरीच्या देवळामागून वाट सुरू होते ती सरळ वरच. पायऱ्या नाहीत, सुगीच्या (म्हणजे जपानी देवदाराच्या) झाडांची मुळं आणि दगड, तेच धरून चढायचं. पाच-दहा मिनिटांतच एक मोठा खडक येतो, त्याच्या पोटात भोक, त्यातून सरपटत बाहेर पडायचं. त्याला ‘गर्भातून जाणं’ म्हणतात, बाई सुखरूप बाळंत होते असा समज. सई गेली आणि तिच्या मागून मीही गेले, अंग घासत, पाठीवरची पिशवी पुढे ढकलत. आत पूर्ण अंधार आणि मातीचा थंड वास. बाहेर आल्यावर सई हात द्यायला उभी होती.

पहिला मुक्काम ताकाहाराला, चारच किलोमीटर, पण ते चारच आम्हाला अडीच तासांना पडले. डोंगराच्या कडेवर वसलेलं गाव, ‘धुक्याचं गाव’ म्हणतात. सकाळी उठून खिडकी उघडली तर खालची सगळी दरी पांढरी, वर नुसती डोंगरांची टोकं.

जेवणाचं सांगते कारण आपल्या लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. आम्ही शाकाहारी, आणि जपानमध्ये भाजीच्या सुपातसुद्धा सुक्या माशाचा अर्क असतो. सईने प्रत्येक मिन्शुकुला (म्हणजे घरगुती लॉज, घरमालकीणच स्वयंपाक करते) महिनाभर आधी लिहून ठेवलं होतं, मांस नको, मासे नको, माशाचा अर्क नको, आणि त्या बायकांनी समुद्री शेवाळाचं पाणी काढून आमच्यासाठी वेगळा स्वयंपाक केला. टोफू, कंदमुळं, रानभाज्या, गरम भात आणि उमेबोशी. हे उमेबोशी म्हणजे त्यांच्या एका आंबट फळाचं खारवलेलं लोणचं, हा सगळा भाग त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे. एक तोंडात टाकलं की डोळे मिटतात. दमलेल्या माणसाला त्यासारखं काही नाही. शिवाय मी सईच्या किचनमध्ये दशम्या करून घेतल्या होत्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. दुपारचं भागलं.

दुसरा दिवस पावसाचा. किइमध्ये पाऊस प्रचंड, त्यात नोव्हेंबर तसा बरा म्हणतात, तरी आम्हाला दिवसभर भुरभुर लागलीच. पण खरं सांगू, ही वाट पावसातच बघावी. दगडांवरचं शेवाळ असं हिरवंगार होतं की आतून दिवा लावलाय असं वाटतं. सुगी आणि हिनोकीची झाडं सरळ वर गेलेली, मध्ये धुकं, आणि आवाज फक्त आपल्या काठीचा. दर पाचशे मीटरला नंबर घातलेला खांब आहे, ताकिजिरीला १ आणि होंगूला ७५. चुकायची भीती नाही कारण जिथे जिथे दुसरी पायवाट फुटते तिथे पाटीच लावलीय, ‘ही कुमानो कोडो नाही’. नेमकं जिथे पाऊल चुकेल तिथे कुणीतरी आधी येऊन विचार करून ठेवलाय याचं मला फार बरं वाटायचं.

चिकात्सुयुला उतरायच्या आधी एका खिंडीत एक इवलीशी मूर्ती आहे, बैल आणि घोडा शेजारी शेजारी आणि दोघांवर मिळून एक बालराजा बसलेला. गुडघ्याएवढीसुद्धा नसेल. तो सम्राट काझान, लहान वयात गादी सोडून संन्यासी झाला आणि इकडे यात्रेला आला. या खिंडीत जेवायला बसला तर काड्या नव्हत्या म्हणून बोरूसारख्या गवताच्या दोन काड्या मोडल्या, त्यातून लालसर काहीतरी टपकलं, आणि त्याने विचारलं, ‘ची का, त्सुयु का’, हे रक्त की दव? म्हणून खालच्या गावाचं नाव चिकात्सुयु. आम्ही तिथेच बसून दशम्या खाल्ल्या.

त्या दिवशी उतरताना माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख बुटाला आपटून आपटून काळं पडलं. बूट पुण्यातल्या एका दुकानातून घेतले होते, दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता मॅडम हेच माप. उतारावर पाय पुढे सरकतो, त्यामुळे अर्धा नंबर मोठाच घ्यायचा असतो, हे त्याने सांगायला हवं होतं. तुम्ही तरी लक्षात ठेवा आणि जाड मोजे घालूनच माप बघा.

तिसरा दिवस मोठा, जवळजवळ २५ किलोमीटर. अंधार पाचलाच पडतो म्हणून सहाला निघालो, कपाळाला टॉर्च लावून. सामान आमचं रोज गाडीने पुढच्या मुक्कामाला जात होतं, तशी सोय आहे, नाहीतर माझ्याच्याने झालं नसतं. त्सुगिझाकुराला प्रचंड जुनी सुगीची झाडं आहेत, त्यांच्या खालच्या बाजूला झऱ्याचं पाणी, बाटल्या भरून घेतल्या. पुढे एका टप्प्यावर मूळ वाट बंद आहे, २०११ च्या सप्टेंबरमधल्या वादळात डोंगर खचला तेव्हापासून, आणि वळसा घालून जावं लागतं. त्या वळशात मला दमायला झालं. गुडघा दुखत होता, अंगठा ठणकत होता, तोंडात शब्द येत नव्हता.

या डोंगरात एक समज आहे, भुकेची भुतं असतात, ती वाटसरूला धरतात आणि माणूस जागच्या जागी गळून पडतो, त्यावर उपाय म्हणजे एक घास भात. म्हणून डब्यात शेवटचा घास नेहमी ठेवायचा. मालकिणीने सकाळी दिलेल्या भाताच्या गोळ्यातला अर्धा शिल्लक होता. सईने तो माझ्या हातात दिला. म्हणाली, आई, खा, आणि होश्शिनमोनपर्यंत चाल, तिथून बस आहे, वाटलं तर बसने जाऊ. मी खाल्ला. मग मनातल्या मनात ज्ञानोबा-माउली-तुकाराम सुरू केलं, पावलाला एक शब्द. ते कधी तोंडातून बाहेर पडायला लागलं मला कळलं नाही. सईने मागून सूर धरला. त्या जंगलात आम्ही दोघीच होतो. होश्शिनमोनला बस उभी होती, आम्ही तिच्या बाजूने पुढे गेलो.

तिथून होंगू सात किलोमीटर, वाट गावागावातून, चहाचे मळे, घरांसमोर फळं. रस्त्याकडेला माणूस नसलेली छोटी दुकानं, नुसती फळी, वर भाजी किंवा उमेबोशी ठेवलेलं आणि शंभर येनचं नाणं टाकायला डबा. एका फळीवर मातीसकट रताळी होती. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी हे माझ्या डोक्यात होतंच. शंभराची दोन नाणी टाकली आणि दोन पिशव्या घेतल्या. सई म्हणाली ओझं कशाला, मी म्हटलं ते मी उचलते.

मग आलं फुशिओगामी. या नावाचा अर्थच ‘लोटांगण घालून नमस्कार’. खोल खाली दरीत होंगूची जागा इथून पहिल्यांदा दिसते, आणि इतक्या दिवसांचे चालून आलेले यात्रेकरू इथे गुडघ्यांवर बसायचे. पण मला तिथे थांबवलं ते एका गोष्टीने. हजार वर्षांपूर्वीची कवयित्री, इझुमि शिकिबु, इथपर्यंत चालत आली आणि इथेच तिची पाळी आली. आता देवळात कसं जायचं? इतकी जवळ येऊन परत फिरायचं? तिने आपलं दुःख एका कवितेत लिहिलं, आणि रात्री स्वप्नात कुमानोच्या देवाने उत्तर दिलं, की ये, तुझं काही अडत नाही. दंतकथा आहे, पण ती लोकांनी जपलीय, सांगितलीय, शतकानुशतकं. याच किइच्या डोंगरांत ओमिने म्हणून शिखर आहे तिथे आजही बायकांना वर जाऊ देत नाहीत, कोया पर्वतावरही बायकांना बंदी होती, ती सरकारने १८७२ साली उठवली, आणि कुमानो मात्र पहिल्यापासून सगळ्यांसाठी उघडं, बाई असो, आजारी असो, कुठल्या पंथाचा असो. मी सईला माझ्या लहानपणचं सांगितलं, आईला एका वर्षी नेमकी पालखीच्या दिवशी अडचण आली आणि ती दिवसभर मागच्या खोलीत बसून टाळांचा आवाज ऐकत होती. दारापर्यंत आलेली माउली तिने बघितली नाही. सई काही बोलली नाही, माझा हात धरून ठेवला. पुढचे तीन किलोमीटर आम्ही तसेच चाललो, वाट रुंद होती.

साडेचारला होंगूला पोचलो. मागच्या बाजूने आत गेलो, हात धुतले, दोनदा वाकून, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकून नमस्कार. छपरं हिनोकीच्या सालीची, जाड, काळपट, कडेला अगदी सुरेख वळण. रंग नाही, झगमग नाही. मला रडू आलं. खाली उतरायला १५८ पायऱ्या. देवळापाशी काळ्या रंगाची टपालपेटी आहे, वर तीन पायांचा कावळा, हा यातागारासु, वाट दाखवणारा, जपानच्या फुटबॉल टीमच्या छातीवर असतो तोच. लोणंदला आईच्या नावे कार्ड टाकलं.

एक अजून सांगायचं राहिलं. इथल्या एका जुन्या कथेत कुमानोचे देव मुळात मगधचे, म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेले. आणि नाचीला, जिथे तो १३३ मीटरचा धबधबा आहे, तिथलं सेइगांतो-जी देऊळ समुद्रात वाहत आलेल्या एका भारतीय भिक्षूने स्थापलं असं सांगतात. खरं-खोटं इतिहासकार बघतील, पण इतक्या लांबच्या डोंगरातल्या लोकांनी आपले देव आणि साधू पार भारतातून आणून ठेवले हे ऐकून माझा ऊर भरून आला.

रात्री बसने युनोमिनेला, दहा-पंधरा मिनिटं. दरीत एक ओढा, दोन्ही बाजूंना लाकडी घरं आणि सगळीकडून वाफ. गंधकाचा वास. मला आधी वाटत होतं यात्रा होंगूला संपली आणि आता हे आपलं आरामाचं. पण मिन्शुकुच्या मालकीणबाईंनी, सत्तरीच्या असतील, सांगितलं की पूर्वीचे यात्रेकरू इथे या गरम पाण्यात अंग शुद्ध करून मगच होंगूला जायचे. आजही एप्रिलमध्ये होंगूच्या उत्सवात वडील लहान लेकरांना इथे आंघोळ घालतात आणि खांद्यावर बसवून डोंगरावरून देवळात नेतात, वाटेत मुलाचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. सईने हे सगळं मराठीत सांगितलं तेव्हा मला एकदम नीरास्नान आठवलं. आणि विसावा आठवला. वारीच्या वेळापत्रकात ‘विसावा’ हा शब्द छापलेला असतो ना, सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, तोही वारीचाच भाग.

मी पायरीवर बसून बूट काढत होते तर त्या बाईंना माझा अंगठा दिसला. काही न बोलता आत गेल्या आणि लाकडी बादलीत झऱ्याचं पाणी घेऊन आल्या, माझ्या पायांशी ठेवली, हाताने पाणी ढवळून बघितलं, थोडं थंड ओतलं, पुन्हा बघितलं, आणि खूण केली. मी पाय बुडवले. आणि त्या समोर ओणव्या बसल्या होत्या तांब्याने घोट्यावर पाणी ओतत. पन्नास वर्षांपूर्वी मी जशी बसायचे तशीच. मला त्यांच्याशी बोलायचं होतं पण भाषा नव्हती आणि असती तरी बोलता आलं नसतं. हात जोडले. त्यांनीही जोडले.

सामायिक न्हाणीघराबद्दल बायकांना संकोच असतो, मलाही होता, कारण कपडे न घालता उतरायचं असतं. पण कुणी कुणाकडे बघत नाही. बुटक्या स्टुलावर बसून आधी साबणाने स्वच्छ आंघोळ, साबणाचा थेंब राहता कामा नये, मगच कुंडात. छोटा टॉवेल डोक्यावर, पाण्यात नाही. पाच मिनिटांत संकोच गेला. ज्यांना अजिबात नकोच असेल त्यांच्यासाठी त्सुबोयु आहे, ओढ्यातच दगडात असलेलं दोन माणसांपुरतं कुंड, वर लाकडी खोपटं, आतून कडी. बुकिंग नाही, सकाळी जाऊन नंबर घ्यायचा, अर्धा तास मिळतो. जागतिक वारशात असलेलं आणि तरी रोज वापरातलं कुंड. पाण्याचा रंग दिवसात सात वेळा बदलतो म्हणतात, आमच्या वेळी निळसर दुधी होता. इथली दंतकथा अशी, की ओगुरी नावाचा वीर विषाने मेला आणि हाडामांसाचा सापळा होऊन परत आला, ना डोळे ना कान, त्याला गाड्यावर घातलं आणि वाटेतल्या अनोळखी माणसांनी दोर ओढत ओढत, ओढणाऱ्याला पुण्य म्हणून, इथवर आणलं. या पाण्यात सात दिवसांत दृष्टी आली, ४९ दिवसांत पूर्ण बरा झाला. मी आणि सई पाण्यात गळ्यापर्यंत, खालून ओढ्याचा आवाज, फटीतून सकाळचं ऊन. ती लहान असताना मी तिला न्हाऊ घालायचे, त्यानंतर इतक्या वर्षांनी तिने माझी पाठ चोळली.

त्या दिवशी एकादशी. गावाच्या मध्यभागी युझुत्सु म्हणून कठडा बांधलेलं उकळत्या पाण्याचं कुंड आहे, नव्वद अंशाच्या आसपास, लोक जाळीच्या पिशवीत अंडी आणि भाज्या घालून दोरीने सोडतात. अंडी दहा-बारा मिनिटांत होतात. मी माझी रताळी ओढ्यात घासून धुतली, जाळीत घातली आणि सोडली, पाऊण तास बसून राहिले. काढली तेव्हा साल आपोआप सुटत होती, आत पिवळी धमक, किंचित खारट चव. सईने लोणंदला व्हिडिओ कॉल लावला. आईने रताळी बघितली, वाफ बघितली, आणि विचारलं, पाय शेकलेस का गं? मी म्हटलं, शेकले, एका बाईंनी शेकून दिले. आई म्हणाली, बरं झालं.

तेवढ्यात दाइनिचि-गोएच्या वाटेने एक म्हातारं जपानी जोडपं उतरलं, होंगूहून डोंगर चढून आलेलं, बुटांना चिखल, बाई काठीवर रेलून. आमच्या शेजारच्या बाकावर बसले. मी दोन मोठी रताळी निवडली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे धरली.